“आठव्या दिवशी जिमला गेलो, काही झालं नाही”: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण त्यामागे भावाची काळजी दिसते, म्हणून सविस्तर लिहितो. नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर व्यायामाकडे कसं परतावं यावरचा माझा लेख लोकांना घाबरवतो, असं तुमचं म्हणणं आहे. तुमच्या नाकाच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली, आठव्या दिवशी तुम्ही वजनं उचललीत आणि काहीही झालं नाही. तुमच्या सर्जननी दोन आठवडे सांगितले होते, मी सहा लिहितो, मग खरं कोणाचं मानायचं? आता धाकट्या भावाची तीच शस्त्रक्रिया झाली आहे, चौथ्या आठवड्यात त्याची फुटबॉलची मॅच आहे आणि माझा लेख वाचून तो अंथरूण सोडायला तयार नाही.

आधी त्याला उठवा. सावकाश चालणं पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून हवंच. भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेनंतर पडून राहिल्यानं पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि डोकं सपाट ठेवून झोपल्यानं नाकाची सूजही लवकर उतरत नाही. चालताना सहज बोलता यावं, दम लागू नये, एवढंच पथ्य. लेखात मी जपायला सांगितलं आहे ते जोर लावण्यापासून, झुकण्यापासून आणि मार बसण्यापासून.

आता तुमचा आठवा दिवस. शस्त्रक्रियेनंतर उशिरा होणारा रक्तस्राव बहुतेकदा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास होतो, कारण तेव्हा आतल्या खपल्या सुटू लागतात. म्हणजे तुम्ही नेमका तोच काळ निवडलात. काही झालं नाही याचा मला खरंच आनंद आहे, आणि बहुतेकांना काही होत नाही हेही खरं. पण ज्याला होतं त्यालाही आदल्या संध्याकाळी छानच वाटत असतं. वेदना काही दिवसांत जाते, आतली जखम भरायला त्याहून बराच वेळ लागतो. “दुखत नाही, म्हणजे झालं” हा हिशेब म्हणूनच मला मान्य नाही.

जोर लावल्यावर शरीरात काय होतं ते बघा. १९८५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी सरावलेल्या शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून, ते वजनं उचलत असतानाच रक्तदाब मोजला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलण्याच्या व्यायामात (लेग प्रेस) तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. बसल्याजागी आपला १२०/८० च्या आसपास असतो. त्यात श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि डोक्याकडून परतणारं रक्तही तुंबतं. नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागात बऱ्याच रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे, लहान मुलांचा घोळणा फुटतो तो बहुधा तिथूनच. तिथली खपली नुकती सुटलेली असताना स्क्वॉट किंवा डेडलिफ्टची घाई कशाला? कपालभाती, भस्त्रिका आणि शीर्षासनही मी याच कारणानं पुढे ढकलायला सांगतो. कपालभातीत तर हवेचा झटका थेट नाकातूनच जातो.

आणखी एक गोष्ट फसवते. पळताना नाक मोकळं वाटतं, कारण श्रमात नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि सूज तात्पुरती कमी होते. व्यायाम थांबला की थोड्या वेळानं नाक पुन्हा चोंदतं. ट्रेडमिलवर मिळालेला मोकळा श्वास जखम भरल्याचा पुरावा नाही.

दोन आठवडे की सहा? दोन्ही बरोबर आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. दोन आठवडे हा साधारणपणे रक्तस्रावाचा हिशेब आहे, त्यानंतर हलक्यापासून सुरुवात करून वजन वाढवत नेता येतं. सहा आठवडे आहेत ते मार बसण्यासाठी. पडद्याच्या कूर्चेला, म्हणजे त्यातल्या मऊ, लवचिक हाडाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिला चिकटलेल्या आवरणातून तिचं पोषण होतं. शस्त्रक्रियेत हेच आवरण सोडवून परत बसवतात. ते नीट धरण्याआधी कोपर किंवा चेंडू लागला आणि मध्ये रक्त साठलं, तर कूर्चा उपाशी पडते. ते रक्त वेळेत काढलं नाही तर काही दिवसांतच ती मरू लागते आणि नाकाचा मधला भाग खाली बसू शकतो. नाकाचा आकार बदलताना हाड कापलं असेल तर टक्कर होणाऱ्या खेळांसाठी सहा आठवडे ही किमान मुदत, अनेक सर्जन तर तीन महिने सांगतात. सायनसच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत माराची भीती कमी, पण डोळा आणि मेंदू यांच्यापासून सायनस वेगळा करणारं हाड फार पातळ असतं. त्यामुळे नाक शिंकरणं, श्वास कोंडून जोर लावणं आणि शिंक दाबणं यांवर तिथे जास्त कडक बंधन असतं. पोहणं सर्जननी आत बघून हो म्हटल्यावरच, आणि खोल पाण्यात बुडी त्याहून उशिरा.

स्नायू झडतील ही तुमची भीती मला समजते, माझ्याकडे येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. नियमित व्यायाम करणाऱ्याची ताकद दोन-तीन आठवड्यांत फारशी उतरत नाही. दमसास लवकर घटतो, पण तो परतही लवकर येतो.

राहिली भावाची मॅच. चौथ्या आठवड्यात सर्जननी परवानगी दिली तर तो पळू शकतो, एकट्यानं चेंडूचा सराव करू शकतो. मॅच खेळू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. चेहऱ्याचा गार्ड लावून खेळता येईल असं तुम्ही सुचवलंत. गार्ड माराचा जोर कमी करतो, पण जखम भरण्याची मुदत कमी करत नाही. सर्जनना “खेळू का?” एवढंच विचारलं तर उत्तरही मोघमच मिळेल. हेडर मारू का, अंगावर येणाऱ्या खेळाडूंत उतरू का, हाड कापलं होतं का, असं नेमकं विचारा.

सराव करताना रक्त आलंच, तर त्यानं मान मागे टाकू नये. बसून पुढे झुकावं, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत धरून दहा ते पंधरा मिनिटं न सोडता दाबावा आणि तोंडानं श्वास घ्यावा. तरीही थांबलं नाही, किंवा धार लागली, तर वाट न बघता रुग्णालयात न्या. नाकाची आतली बाजू फुगून दोन्हीकडे चोंदली आणि ठणका वाढत गेला, तर रक्त बाहेर आलं नसलं तरी त्याच दिवशी दाखवा.