दुहेरी बंध एकेरीपेक्षा कमजोर? अजिबात नाही!

"मामा, इथीनमधला कार्बन-कार्बन बंध इथेनपेक्षा लवकर तुटतो ना?" भाचीने विचारलं आणि पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारं एक कार्ड दाखवलं. (इथीनमध्ये दोन कार्बन दुहेरी बंधाने जोडलेले असतात, इथेनमध्ये एकेरी.) बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर हे असलं वाचून मुलं पाठ करतात, याचा मला खरंच संताप येतो.

कार्डावर चार मुद्दे आहेत. (सिग्मा म्हणजे दोन अणूंना सरळ रेषेत जोडणारा पहिला बंध; पाय म्हणजे दुहेरी-तिहेरी बंधात त्याच्या जोडीला येणारा जास्तीचा बंध.) पहिला: पाय बंध सिग्मापेक्षा कमजोर, म्हणून दुहेरी बंध एकेरीपेक्षा कमजोर. दुसरा: दुहेरी बंधाची ऊर्जा एकेरीच्या दुप्पट. हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असतील, एवढंही लिहिणाऱ्याने पाहिलं नाही.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक. दुहेरी बंधात पाय बंध सिग्माच्या जागी येत नाही, त्याच्या जोडीला येतो. जाड दोराला सुतळीची जोड दिली म्हणून दोर कच्चा होतो का? कार्बन-कार्बन एकेरी बंधाची सरासरी ऊर्जा, म्हणजे तो तोडायला लागणारी, मोलमागे सुमारे ३४७ किलोज्यूल, दुहेरीची ६१४. लांबीही १५४ पिकोमीटरवरून १३४ वर येते, म्हणजे दोन्ही कार्बन आणखी घट्ट धरले जातात.

मग इथीन ब्रोमीनशी झटकन अभिक्रिया करतं आणि इथेन अंधारात तसंच राहतं, ते का? एवढं अर्धसत्य मान्य करावं लागेल. पाय बंधाचे इलेक्ट्रॉन रेणूच्या प्रतलाच्या वर-खाली उघडे पसरलेले असतात, ब्रोमीनला ते सहज सापडतात. पण तिथे उघडतो फक्त पाय बंध. सिग्मा शाबूत राहतो, कार्बन एकमेकांना सोडत नाहीत. अभिक्रिया लवकर होणं वेगळं आणि दोन अणू एकमेकांपासून तोडणं वेगळं.

दुसऱ्या मुद्द्याला वजाबाकी पुरे: ६१४ वजा ३४७, उरले २६७. दुप्पट असती तर ३४७ उरले असते.

हे २६७ नुसतं कागदावरचं गणित नाही. पाय बंधामुळे दुहेरी बंधाभोवती अणू मोकळे फिरत नाहीत, हा कार्डावरचा चौथा मुद्दा बरोबर आहे. फिरवायचं तर पाय बंध मोडावा लागतो. डग्लस, रॅबिनोविच आणि लूनी यांनी १९५५ साली नेमका हाच अडथळा मोजायला घेतला. इथीनच्या दोन्ही कार्बनवर एकेक ड्युटेरियम (जड हायड्रोजन) बसवून सिस रूपाचं (दोन्ही ड्युटेरियम एकाच बाजूला) ट्रान्स (विरुद्ध बाजूंना) कसं होतं ते त्यांनी तपासलं. हा अडथळा साधारण ६५ किलोकॅलरी, म्हणजे २७० किलोज्यूलच्या आसपास आहे. दोन वेगळ्या वाटांनी जवळपास एकच आकडा येतो.

राहिला तिसरा: पाय बंध "कोणत्याही रेणूत" सिग्मापेक्षा कमजोरच. कार्बन-कार्बनपुरतं हे चालतं. नायट्रोजनकडे पाहा: एकेरी बंध १६३, दुहेरी ४१८, तिहेरी ९४५. दुसऱ्या बंधाने २५५ ची भर घातली, तिसऱ्याने ५२७ ची. हे दोन्ही पाय बंध, आणि दोन्ही भरी एकेरीच्या १६३ पेक्षा मोठ्या. एकेरी बंधात दोन्ही नायट्रोजनवरच्या एकाकी (बंधात न गुंतलेल्या) इलेक्ट्रॉन जोड्या एकमेकींना ढकलतात, म्हणून १६३ हा आकडा इतका लहान दिसतो, हे खरं. तरी "कोणत्याही रेणूत" हे शब्द टिकत नाहीत. भाचीने ते तिच्या वहीतून तेव्हाच खोडले.