भाडं ठरलं, पण माणसांचं काय?

सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाचा नकाशा टाकला आणि सुरू झालं सगळ्यांचं: तिथला अमेरिकेचा लष्करी तळ कुणाकडे, चीनला शह कसा, आपला फायदा किती. तिथे माणसं राहत होती, हे एकाच्याही तोंडून आलं नाही.

नोकरीनिमित्त मी मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईसला होते. घरमालकीणबाई मराठीच, पूर्वज कोकणातून गेलेले. त्यांच्या शेजारी एक आजी होत्या, दिएगो गार्सियाच्या. तळहातावर नारळ धरून कोयत्याच्या पाठीने असा फोडायच्या की पाणी सांडायचं नाही. मग खोबरं किसता किसता तेच सांगायच्या: बोट सुटली तेव्हा आमचा कुत्रा किनाऱ्यावरून धावत होता. बेटावरचे कुत्रे खोबरं वाळवायच्या शेडमध्ये कोंडून गाड्यांच्या धुराने मारले, हे मी नंतर वाचलं. आजींना ते ठाऊक असणारच. पण त्या गोष्ट धावण्यापाशीच थांबवायच्या.

1965 साली लंडनला लँकेस्टर हाउसमध्ये ब्रिटनने आपल्याच वसाहतीच्या, मॉरिशसच्या नेत्यांकडून चागोस बेटं काढून घेतली, 30 लाख पौंडांत. दिएगो गार्सिया त्यातलंच. स्वातंत्र्य अडलेलं होतं, नाही म्हणणार कसे? पुढच्याच वर्षी तळासाठी अमेरिकेशी 50 वर्षांचा करार, आणि 1973 पर्यंत सगळी वस्ती उठवली. सगळी!

2019 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत देताना ब्रिटनचा ताबा बेकायदा ठरवला. भारत मॉरिशसच्या बाजूने उभा राहिला, ते योग्यच झालं. तळ महत्त्वाचा आहे? असेल, बाबांनो.

पण 22 मे 2025 आठवा. ब्रिटन-मॉरिशस करारावर पहाटे दोन चागोसी बायकांनी कोर्टातून स्थगिती मिळवली, दुपारी ती उठली, आणि त्याच दिवशी सह्या झाल्या. करारात ठरलं ते असं: सार्वभौमत्व मॉरिशसला, दिएगो गार्सिया 99 वर्षं ब्रिटनकडे, भाडं वर्षाला सरासरी 10 कोटी 10 लाख पौंड. वाटाघाटी दोन सरकारांच्या. ज्यांची घरं गेली त्यांना त्या टेबलाशी खुर्ची नाही. कुत्र्याचं नावसुद्धा न विसरलेल्या बाईला कुणी विचारलं नाही, तुला काय हवंय?

करारात चागोसींसाठी 4 कोटी पौंडांचा निधी ठरलाय म्हणे. ठेवा. त्या करारानुसार मॉरिशस बेटांवर पुन्हा वस्तीही करू शकेल, फक्त दिएगो गार्सिया सोडून. आजींचं घर, विहीर, आईवडिलांच्या कबरी दिएगो गार्सियावरच आहेत. दुसऱ्या बेटावर जाऊन त्यांनी काय करायचं? तिथे त्यांचं कोण आहे?