‘तोंड उघड, मी भरीन’ हे वचन संदेशाबद्दल नाही

नवापूर तालुक्यातील एका लहान ख्रिस्ती मंडळीत माझा भाचा दोन वर्षांपासून संदेश, म्हणजे उपासनेतले प्रवचन, देतो. गेल्या आठवड्यात त्याने व्हॉट्सअॅपवर सगळीकडे फिरणारा एक मजकूर मला पाठवला आणि खाली लिहिले, “मामा, आता टिपणे काढणे बंद.” खऱ्या उपदेशकाने तयारी करू नये, पवित्र आत्मा ऐनवेळी शब्द देतो आणि अभ्यास म्हणजे अविश्वास, असे त्या मजकुराचे म्हणणे असून आधाराला बायबलमधील चार वचने जोडली आहेत.

पहिले स्तोत्र 81:10. तोंड चांगले उघड म्हणजे मी ते भरीन, असे देव तेथे म्हणतो खरा. पण कशाने, हे पाहायला सहा वचने पुढे जाण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. सोळाव्या वचनात उत्तम गहू आणि खडकातला मध आहे! मिसरातून सोडवलेल्या लोकांना तृप्त करण्याची ती गोष्ट आहे. शनिवारी रात्री निवांत झोपलेल्या उपदेशकाला सकाळी भाषण पुरवण्याची नव्हे.

काय बोलावे याची चिंता करू नका, असे सांगणारे मत्तय 10:19 हे सुभेदार आणि राजांपुढे धरून नेलेल्या शिष्यांसाठी आहे. लेख मारतो पण आत्मा जिवंत करतो, असे 2 करिंथ 3:6 म्हणते; पण तो मारणारा ‘लेख’ म्हणजे लिहून काढलेली टिपणे नव्हेत, तर दगडावर कोरलेले नियमशास्त्र, हे पुढचेच वचन सांगते.

प्रेषित 4:13 मात्र अर्धे मान्य करावे लागते. पेत्र आणि योहान शिकलेले नव्हते, आणि पदवी घेऊनही मंडळीला पेंगवणारे संदेश मी ऐकले आहेत. पण ते येशूच्या सहवासात होते, हेही त्याच वचनात आहे. त्या सहवासाला तयारी नाही तर काय म्हणायचे?

आत्मा आणि अभ्यास यांचे वैर मानणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंकडे पाहावे. 1905 मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठे आत्मिक जागरण झाले. त्याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत, संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्य वेचले.

आपल्याकडे धोका अधिक आहे. शास्त्रभाग मराठीत वाचला जातो आणि मावची, पावरी किंवा अहिराणी या इथल्या बोलींत समजावला जातो. ज्या आजीला वाचता येत नाही, तिच्यासाठी उपदेशक बोलेल तेच वचन ठरते, आणि प्रेषितांच्या कृत्यांतील बिरुया नगराच्या लोकांप्रमाणे ऐकलेले शास्त्र उघडून पडताळणे तिला शक्य नसते.

भाच्याला मी एवढेच विचारले की, येत्या रविवारी रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय आहे, तर ‘नीतिमान ठरवणे’ हे मावचीत कसे सांगणार. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.