डीटची टक्केवारी: जोर नव्हे, वेळ

डासांपासून बचावाबद्दलचा एक संदेश सध्या खूप फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अंगाला लावायच्या डासरोधकात डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) जितकं जास्त तितका बचाव पक्का, म्हणून मोठ्यांनी शंभर टक्केवालंच घ्यावं. मुलांना मात्र डीट म्हणजे विष. त्यांना लिंबाच्या वासाच्या निलगिरीचं तेल लावावं आणि मनगटावर डास पळवणारा पट्टा बांधावा. सनस्क्रीन आणि डासरोधक एकाच क्रीममध्ये मिळालं तर उत्तमच.

यातलं पहिलंच विधान चुकीचं आहे. टक्केवारी डीटचा जोर सांगत नाही, ते किती वेळ टिकेल हे सांगते. १० टक्क्यांचं साधारण दोन तास पुरतं, २५-३० टक्क्यांचं पाच तासांच्या आसपास. लावल्यानंतरच्या पहिल्या तासात दोन्ही आपलं काम नीट करतात. ५० टक्क्यांच्या पुढे तर वेळही फारसा वाढत नाही. वाढतं ते अंगावरचं रसायन. शिवाय डीट प्लास्टिक खातं, त्यामुळे चष्म्याची फ्रेम आणि घड्याळाची काच खराब होते. म्हणून बाटली निवडताना पहिला प्रश्न हाच, की बाहेर किती वेळ राहायचं आहे? संध्याकाळच्या तासाभराच्या फेरीसाठी कमी टक्केवारी पुरते, दिवसभर रानात हिंडायचं असेल तर ३० च्या आसपासची घ्यावी. घाम आला किंवा भिजलात, तर मात्र हे हिशेब आखडतात. डीटचा वास किंवा चिकटपणा नको असेल, तर २० टक्के पिकारिडिन हे दुसरं डासरोधक रसायनही कित्येक तास टिकतं आणि प्लास्टिकला धक्का लावत नाही.

आता मुलांचं. आईवडिलांची धास्ती मला कळते. पण डीट १९५७ पासून सर्वसामान्यांच्या वापरात आहे, आणि गंभीर त्रासाच्या ज्या मोजक्या घटना नोंदल्या गेल्या, त्यांत बरेचदा ते पोटात गेलेलं होतं किंवा भरमसाट चोपडलेलं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: दोन महिन्यांच्या पुढच्या बाळाला ३० टक्क्यांपर्यंतचं डीट चालतं. त्याहून लहान बाळाला काहीही लावू नये, बाबागाडीवर जाळी घालावी. लावण्याची रीत महत्त्वाची. मोठ्या माणसाने आधी स्वतःच्या तळव्यावर घ्यावं, मग मुलाच्या उघड्या अंगाला पातळसं लावावं. मुलाच्या हातांना नको, कारण हात तोंडात जातात. डोळ्यांजवळ, जखमेवर, कपड्यांच्या आतही नको. घरी आल्यावर साबणाने धुऊन टाकावं.

तेलाच्या सल्ल्याने मात्र मला खरोखर काळजी वाटते. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक, पीएमडी हा घटक वाढवलेला अर्क. तो डासांवर तपासलेला आहे आणि चांगला चालतो; पण तीन वर्षांखालच्या मुलांना तो लावू नये, अशी सूचना असते. दुसरं, नुसतं सुगंधी तेल, जे भराभर उडून जातं. म्हणजे दोन महिन्यांपासून चालणारं डीट हा संदेश नाकारतो, आणि तान्ह्यांना नको असलेलं, नाहीतर न टिकणारं काहीतरी सुचवतो! २००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक तुलना छापून आली होती. सुमारे २४ टक्के डीट सरासरी पाच तास टिकलं, सिट्रोनेला या सुगंधी तेलाची उत्पादनं वीस मिनिटंही नाही. मनगटी पट्ट्यांनी काहीच बचाव केला नाही. डेंग्यू-मलेरियाच्या भागात अशा पट्ट्यावर भरवसा ठेवून मूल उघड्यावर सोडणं धोक्याचं आहे.

एकत्र क्रीमही टाळावी. सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं, डीट नाही. त्यामुळे विनाकारण जादा डीट अंगावर जातं. दोन्ही वेगवेगळी घ्या. आधी सनस्क्रीन लावा, ते अंगात मुरू द्या, मग वरून डासरोधक.