उंदीर पळाला, माणसाचं काय?

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'लांब पल्ल्याच्या धावण्याने नसा आणि स्नायूंमध्ये नवे जोड तयार होतात' हे मी माझ्या लेखात उंदरांवरच्या प्रयोगांवरून ठोकून दिलं, धावण्याचा फायदा हृदय-फुप्फुसांना, नसांचा त्यात काय संबंध?

'नवे जोड' ही माझी चूकच. प्रत्येक स्नायूतंतूवर साधारणपणे एकच जोड असतो, कितीही धावलात तरी दुसरा उगवत नाही. बदलतो तो त्याच जोडाचा पसारा. 1993 सालच्या एका प्रयोगात उंदरांना आठवडेच्या आठवडे पट्ट्यावर पळवलं, तर पोटरीतल्या सोलियस स्नायूतले जोड मोठे झालेले दिसले. 2010 साली म्हाताऱ्या उंदरांना महिनाभर चाकात पळू दिलं. विस्कटत चाललेले जोड बरेच सावरले. चेतापेशींच्या संख्येत मात्र काहीच फरक पडला नाही.

उंदरांचा तुमचा मुद्दा तर तुम्ही मांडलात त्याहून भक्कम आहे. 2017 साली शस्त्रक्रियेत कापाव्या लागलेल्या पायांतले मानवी जोड तपासले गेले. उंदराचा जोड वेलबुट्टीसारखा पसरलेला, माणसाचा लहानसा, सुट्या टिकल्यांसारखा. आणि नव्वदीतल्या माणसातही तो फारसा विस्कटलेला नव्हता! मग व्यायामाने दुरुस्त काय व्हायचं, हा प्रश्न रास्तच आहे.

पण 'काय संबंध' हे काही पटत नाही. तासभर धावलात तर एका पायाची पाचेक हजार पावलं पडतात. दर पावलाला नसेच्या टोकाशी ऍसिटिलकोलीनच्या, म्हणजे नसेचा निरोप स्नायूला पोचवणाऱ्या रसायनाच्या, पिशव्या फुटतात, ते रसायन सुमारे 50 नॅनोमीटरची फट ओलांडून स्नायूवरच्या ग्राहकांना (तो निरोप टिपणाऱ्या रेणूंना) चिकटतं, लगेच त्याचे तुकडे होतात आणि पिशव्या पुन्हा भराव्या लागतात. हे सगळं एका पावलात एकदाच नाही, अनेकदा. एवढी राबणारी जागा सरावाने जशीच्या तशी राहत असेल, हे मानणं मला जड जातं.

माणसांतला पुरावा अप्रत्यक्ष आहे. पासष्टीच्या आसपासच्या मुरलेल्या धावपटूंच्या नडगीजवळच्या स्नायूत चेतापेशी आणि तिचे स्नायूतंतू अशा गटांची अंदाजे संख्या तरुणांइतकीच भरली होती. त्यावरूनच मी हुरळलो. दंडाच्या बायसेप्समध्ये हा फायदा दिसला नव्हता, आणि पुढे दुसऱ्या संशोधकांना तो नडगीजवळही सापडला नाही, हे दोन्ही मी लेखात गाळलं होतं. आज घातलंय. 'नवे जोड'ही खोडलंय.