जिजीचा नकार, मार्थाचा नकार

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन आठवडे एकच वाद चालू आहे. आप्पा पहिलवान गेल्या पौषात गेले. जत्रेत बारागाड्या ओढून झाल्या की दुसऱ्या दिवशी कुस्त्यांची दंगल होते. ती यंदापासून आप्पांच्या नावाने भरवायची, असं तरुण पोरांनी ठरवलं. फ्लेक्सचा नमुनाही तयार झाला. आप्पा फेटा बांधून, खांद्यावर गदा, मागे ढग. आणि आप्पांच्या बायकोने, आम्ही सगळे तिला जिजी म्हणतो, नाव लावायला साफ नकार दिला. निरोप घेऊन गेलेल्या पोरांना ती दारातच म्हणाली, "त्यास्ना पाय मोडना तव्हय कोन उनं व्हतं? आते नाव कसाले?" म्हणजे, त्यांचा पाय मोडला तेव्हा कोण आलं होतं, आता नाव कशाला?

ग्रुपवर त्यावर जे उसळलं त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. "आप्पा एकट्या तिचे नव्हते, गावाचे होते." हेच वाक्य मी इथे, कॅनडातल्या कॅलगरीत, इंग्रजीत इतक्यांदा ऐकलंय की चोपडा तालुक्यातून ते आलं तेव्हा हसूच आलं. इथे ते ओवेन हार्ट या टीव्हीवरच्या कुस्तीतल्या, आता हयात नसलेल्या मल्लाबद्दल म्हणतात.

कॅलगरीत हार्ट म्हणजे कुस्तीचं घराणं. म्हातारे स्टू हार्ट 'स्टॅम्पीड रेसलिंग' ही कुस्तीची कंपनी चालवायचे आणि घराच्या तळघरात पोरांना घडवायचे. त्या तळघराचं नावच अंधारकोठडी, 'डंजन'. पोरं बारा, त्यात ओवेन शेंडेफळ, जन्म १९६५चा. त्याचा थोरला भाऊ ब्रेट 'हिटमॅन' इथे एवढा मोठा की शहराच्या ज्युनियर आइस हॉकी संघाचं नाव त्याच्यावरून 'हिटमेन' पडलं.

मला हे दोघे कॅलगरीत नाही, गावात भेटले. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत केबल एकाच घरी होती. आम्ही पोरं तिथे ओट्यावरून खिडकीतून डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कंपनीच्या कुस्त्या पाहायचो आणि दिवसभर तिच्या मल्लांचे पत्ते कुटायचो. उंची, वजन, छाती, दंड. एकदा आप्पा येऊन उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता हे थुंकणार. तालमीतल्या माणसाला ठरवून लावलेली कुस्ती म्हणजे नुरा कुस्ती, तिची किंमत शून्य. आप्पांनी दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "निकाल खोटा व्हई, पन पडनं खरं शे." त्यांचं बरोबर होतं. १९९७च्या समरस्लॅम या त्यांच्या मोठ्या कार्यक्रमात ओवेनचा एक डाव चुकला आणि समोरच्या स्टीव्ह ऑस्टिनची मान खरोखर दुखावली. त्या खेळात कोण जिंकणार हे आधी ठरतं, हाडं काय करणार हे ठरत नाही.

२३ मे १९९९ला डब्ल्यूडब्ल्यूएफच्याच कार्यक्रमात, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या केम्पर अरीनात ओवेनला छतावरून दोरीने खाली सोडायचं होतं. निळा मुखवटा, अंगावर झूल, विनोदी वेश. दोरी मध्येच सुटली आणि तो सुमारे ७८ फूट खाली पडला. वय ३४. त्याला उचलून नेलं आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला. घरी टीव्हीवर पाहणाऱ्यांना तो गेल्याचं सांगितलं गेलं, सभागृहात बसलेल्यांना नाही. दुसऱ्या रात्री मग दोन तास त्याच्याच आठवणी, सगळे रडले, अगदी मनापासून रडले.

इथे माझं गाव मला मोठं वाटतं, हे कबूल करतो. एका वर्षी दंगल रंगात आली होती आणि मैदानामागच्या घरातली म्हातारी वारली. पंचांनी ढोल थांबवले आणि मानाची कुस्ती न लावताच मैदान आवरलं. बाहेरगावच्या मल्लांना निम्मं इनाम देऊन वाटेला लावलं. कोणी कुरकुर केली नाही. अशी बेरीज-वजाबाकी न करता थांबता येणं परदेशात मला क्वचित दिसलं.

पण दुसऱ्या दिवसापासूनचा हिशेब मांडला की गाव उणं पडतं. ओवेनची बायको मार्था डब्ल्यूडब्ल्यूएफविरुद्ध कोर्टात गेली. २००० साली सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्यातून तिने ओवेनच्या नावाने फाउंडेशन काढलं, गरजू मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरांसाठी. आणि एका गोष्टीला ती आजतागायत नाहीच म्हणते: त्या कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे नामवंत मल्लांच्या मानाच्या यादीत, ओवेनचं नाव घालायला. चाहते तिच्यावर चिडतात. म्हणतात, ती आम्हाला आमचा ओवेन देत नाही, नव्या पोरांना तो कळणार कसा? मीही बरीच वर्षं त्याच पंगतीत होतो. खिडकीतून पाहिलेला का होईना, माझाही तो होताच की!

माझं मत पालटलं ते जुलै २०२३मध्ये. एईडब्ल्यू या कुस्तीच्या दुसऱ्या कंपनीने फाउंडेशनशी बोलून, मार्थाच्या संमतीने, ओवेनच्या नावाचा चषक सुरू केलाय. पहिल्या वर्षी, २०२२ला, लास व्हेगसमध्ये विजेत्यांना पट्टे द्यायला ती स्वतः रिंगणात उभी होती. दुसऱ्या वर्षीच्या अंतिम लढती कॅलगरीच्या सॅडलडोम स्टेडियममध्ये झाल्या. मी स्वस्तातलं तिकीट काढून पार वरच्या रांगेत बसलो होतो. शेजारची पोरं १९९९नंतर जन्मलेली, आणि ती घसा फुटेस्तोवर "ओवेन, ओवेन" ओरडत होती. म्हणजे बायकोच्या नकाराने तो विसरला गेला नव्हता. तिचं भांडण त्याच्या नावाशी नव्हतंच, ते नाव कोणाच्या दुकानावर लागतंय याच्याशी होतं.

त्याच उन्हाळ्यात कॅनडातच विनिपेगला जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडा स्पर्धेत विजय चौधरींनी कुस्तीचं सुवर्ण घेतलं. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा हा गडी २०१४, २०१५ आणि २०१६ असा लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाला आणि पोलीस खात्यात अधिकारी झाला. इथल्या मराठी मंडळींनी पेढे वाटले, मीही खाल्ले. पण खान्देशात असा एखादाच. बाकीच्यांचं जत्रा ते जत्रा चालतं. खुराक घरचा, इनाम पंचांच्या मर्जीचं, आणि गुडघा गेला की संपलं. आप्पांचा गेला तेव्हा ते चाळिशीत होते. जळगावला ऑपरेशन झालं, त्याला दोन बिघे शेत गेलं. पोरगा आता केळीच्या गाड्या भरतो. मार्थाकडे वकील होते, कोर्ट होतं. जिजीकडे दाराचा उंबरठा आहे, तेवढ्यावर उभं राहून ती नाही म्हणाली. तिलाच तुम्ही आडमुठी म्हणता?

हे मी ग्रुपवर लिहिलं, जरा जास्तच लांबण लावून. सुचवलंही की नावाचं जिजीला ठरवू द्या. तिची काही अट असेल तर विचारा. इनामाच्या रकमेतला काही भाग जायबंदी मल्लांच्या दवाखान्यासाठी बाजूला ठेवा, मग कदाचित ती हो म्हणेल. पाच मिनिटांत एका वर्गमित्राचं उत्तर आलं. "भाऊ, आप्पांचा पाय मोडला त्या साली तू गावात आला होतास. देवळाच्या कळसाला पाच हजार दिलेस. आप्पांकडे गेलास का?"

गेलो नव्हतो. तीन दिवसांची सुट्टी होती, त्यात एक लग्न आणि एक साखरपुडा. ग्रुपवर अंगठा टाकून गप्प बसलो.

रात्री, म्हणजे तिथली सकाळ, जिजीला फोन लावला. तिने आधी इथल्या थंडीची चौकशी केली, मग माझ्या बायकोची. नावाचा विषय मी कसाबसा काढला. ती म्हणाली, पोरं वाईट नाहीत, फक्त त्यांना आप्पा फोटोतले हवेत. कोणी येऊन तालमीच्या मागची भिंत बांधून द्या, पावसाळ्यात माती वाहून जाते, आप्पा शेवटपर्यंत तेच म्हणत होते. मग लावा नाव, भिंतीवर लावा. मी विचारलं, भिंतीला किती लागतील? ती म्हणाली, ते गवंड्याला विचार, मला काय ठाऊक.

गवंड्याचा आकडा अजून आलेला नाही. यंदाचा फ्लेक्स मात्र छापून आला. आप्पांचा फोटो काढून टाकलाय, नुसतं 'कुस्त्यांची भव्य दंगल' एवढंच आहे. खाली देणगीदारांच्या यादीत तिसऱ्या ओळीत माझं नाव, पुढे ठळक अक्षरांत 'कॅनडा'. यंदा मी काहीच पाठवलेलं नाही. मागच्या वर्षीची यादी तशीच उचललेली दिसते.