जन्माच्या दिवशीचं ‘नंबर एक’ गाणं म्हणे!

परवापासून आमच्या ऐरोलीच्या सोसायटी ग्रुपवर, मग ठाण्याच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतंय. एका साइटवर जन्मतारीख टाका, त्या दिवशी भारतात नंबर एकला असलेलं गाणं मिळेल, तेच तेव्हा तुमच्या आईच्या कानावर पडत होतं आणि त्यावरूनच तुमचा स्वभाव ठरतो. खाली ‘शंभर टक्के रेकॉर्डवर आधारित’. टाइमपास म्हणून टाका की तारीख, कोण अडवतंय, पण ते ‘रेकॉर्डवर आधारित’ वाचलं आणि राहवेना.

‘त्या दिवशी नंबर एक’ – कुठल्या यादीत? रोजच्या रोज गाण्यांचा नंबर लावायचा प्रकार आपल्याकडे स्ट्रीमिंग येईपर्यंत नव्हताच. जे होतं ते बिनाका गीतमाला, म्हणजे आठवड्यातून एकदा, बुधवारी रात्री आठला, रेडिओ सिलोनवर (म्हणजे श्रीलंकेच्या रेडिओवर), अमीन सयानींच्या आवाजात. १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हा त्यात नंबरबिंबर काही नव्हतं, नुसती सात गाणी वाजवायचे, ‘पायदान’ म्हणजे क्रमांकाची पायरी वगैरे नंतर आलं. त्यामुळे तुमचा जन्म शुक्रवारचा असो की सोमवारचा, त्या दिवसाचा असा वेगळा नंबर एक काढणार कुठून?

‘शंभर टक्के रेकॉर्डवर’ – इथे जरा थांबा, कारण खरी मजा इथेच आहे. गीतमालेचा क्रम काही अंशी दुकानांतल्या तबकड्यांच्या खपावर लागायचा, पण गाणं तुफान चाललं की दुकानात तबकडीच शिल्लक नसायची आणि खप घसरलेला दिसायचा, म्हणून श्रोता संघांच्या पसंतीचीही भर घालायचे. वर कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा मुंबईत आणि टेप जायची कोलंबोला, म्हणजे बुधवारी तुम्ही ऐकलेला क्रम मुळात आधीचा. माझा त्या कार्यक्रमावर राग नाहीये, उलट त्या काळात इतकं कुणी केलं हेच खूप, पण त्याला जनगणना समजू नका ना!

आणि ही साइट तेवढंही करत नाही. आमच्या ग्रुपवर एका ताईंचा जन्म जानेवारी १९८१ चा, एका दादांचा नोव्हेंबर १९८१ चा, दोघांनाही ‘मेरे अंगने में’ आलं. म्हणजे वर्षाअखेरच्या यादीत पहिलं आलेलं गाणं उचललं आणि अख्ख्या वर्षाला चिकटवलं. हे गाणं ज्यातलं तो ‘लावारिस’ लागला मे १९८१ मध्ये! म्हणजे ताई जन्मल्या तेव्हा पिक्चर यायला अजून चार महिने होते. तसंच ‘चिट्ठी आई है’ १९८७ चं पहिलं गाणं, पण ते ज्यातलं तो ‘नाम’ पिक्चर सप्टेंबर १९८६ चा, मग सप्टेंबर ८६ नंतर जन्मलेल्यांनी काय करायचं? वर्षाची यादी आणि दिवसाचा नंबर यात काही फरक असतो की नाही!

‘परदेशात जन्मलेल्यांचं तर अगदी अचूक’ – हे फॉरवर्डमध्ये नाही, खाली एका काकांनी लिहिलंय. काका, तिकडेही आठवड्याचाच हिशोब. अमेरिकेची हॉट हंड्रेड ही गाण्यांची यादी ऑगस्ट १९५८ ला सुरू झाली आणि १९९१ पर्यंत विक्रीचा आकडा म्हणजे दुकानदार सांगेल तो. इंग्लंडमध्ये एकाच वेळी तीनचार याद्या चालायच्या, १९६३ ला बीटल्सचं ‘प्लीज प्लीज मी’ एका यादीत पहिलं आणि दुसरीत दुसरं.

‘तेच आईच्या कानावर पडत होतं’ – याचा मला जास्त राग आलाय. ठाण्या-कळव्याच्या चाळीत सकाळी आकाशवाणी मुंबई लागायची, भक्तिगीतं, मग कामगार सभा, आपली आवड, आणि त्यातलं काहीच गीतमालेत मोजलं जायचं नाही कारण तिथे हिंदी सिनेमाचीच गाणी. गीतकार पी. सावळाराम आपल्या ठाण्याचे, इथले नगराध्यक्ष होते, त्यांचं ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ लग्नात वाजलं की मांडवात अजून सगळ्यांचे डोळे भरतात, ते कुठल्या पायदानावर होतं सांगा बरं. इकडे खाडीच्या बाजूला दिवाळे, घणसोली, कोपरखैरणे, हळदीच्या रात्री जी आगरी-कोळी गाणी वाजतात त्यांच्या कॅसेटचा खप कुठली यादी धरत होती? आणि ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या, त्यात निम्म्या फुटपाथवरच्या कॉप्या, मग तर कुणी काय ऐकतंय याचा पत्ता कुणालाच नव्हता. आईच्या कानावर काय पडत होतं ते आईला विचारा की, साइटला काय विचारताय.

स्वभावाचं तर सोडूनच द्या. १९८१ साली जन्मलेल्या सगळ्यांचा स्वभाव जर त्या एका गाण्यावरून ठरला असेल, तर आमच्या सोसायटीच्या मीटिंगला जे लोक एकमेकांना ‘तुम्हारा क्या काम है’ विचारतात ते सगळे एकाच वर्षाचे निघायला हवेत, आणि तिथे तर सत्तरीचे काकासुद्धा तेच विचारतात.